नाळ कुणाची

कौतिकआबांच्या घरात सकाळच्या चहाबरोबर स्वप्नं सांगायची रीत होती. दुसऱ्यांच्या घरी आधी पेपर येतो, इथे आधी स्वप्नं यायची. ज्याला पडलं असेल त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी बशीत फुंकर मारत ऐकायचं आणि शेवटी आबांच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी, निकाल द्यायचा, की हे पित्ताचं, हे भुकेचं आणि हे खरं. खऱ्या स्वप्नाला या घरात मत होतं. नवी विहीर कुठे खोदायची, धाकट्या मुलाला, हितेंद्रला, शिकायला धुळ्याला ठेवायचं की नाही, असल्या गोष्टी चहाचा कप खाली ठेवायच्या आत ठरून गेलेल्या.

धाकट्या सुनेच्या, डिंपलच्या, डोहाळजेवणाच्या दिवशी निकाल देणाऱ्या बाईंनाच स्वप्न पडलं.

"जितू चालू राह्यला व्हता," सुनंदाबाई म्हणाल्या. चहा हातातच निवत होता. "मिरगबागातून येऊ राह्यला व्हता. घोट्याएवढं पानी न खांद्यावर घड. मी म्हनलं, अरे, पायात काही घाल ना. तं निस्ता हसला."

जितेंद्र, त्यांचा थोरला, तिथेच दाराशी चाकांच्या खुर्चीत बसला होता. त्या खुर्चीला आता तिसरं वर्ष लागलं होतं. एका आठवड्यात मज्जारज्जूला सूज आली. औषधांनी सूज उतरली, पण कमरेखालचं जे गेलं ते गेलंच. तोवर केळीचा घड खांद्यावर टाकून बांध उडी मारून ओलांडणारा माणूस होता तो.

"तुले काय पडलं रे?" सुनंदाबाईंनी त्याला विचारलं. रोज विचारायच्या.

"मी पन चाललो, आई," जितेंद्र म्हणाला. तोही रोज हेच सांगायचा.

"झालं तं मंग," कौतिकआबा म्हणाले. आज निकाल त्यांनीच देऊन टाकला. "खरं सपन हाये हे. दोघाले एकच पडलं. आज बागेत मी एक गोष्ट सांगनार हाये सगळ्याले."

"काय गोष्ट, आबा?" ज्योत्स्नानं, जितेंद्रच्या बायकोनं, विचारलं.

"बागेत म्हनलं ना."

गोष्ट पोटात ठेवायची आबांना भारी हौस, आणि ती ठेवता मात्र त्यांना जन्मात आली नाही. हितेंद्रला त्यांनी ती केव्हाच सांगून टाकली होती. हितेंद्रनं मानही डोलावली होती. बायकोला विचारायचं तेवढं त्याचं राहून गेलं होतं. आज विचारू, उद्या विचारू करता करता डोहाळजेवणाचा दिवस उजाडला आणि आता तो चहाच्या कपात असा बघत बसला होता, जशी काही त्यात माशी पडलीय.

*

डोहाळजेवण बागेत करायचं, ही सुनंदाबाईंची हौस. सावद्याच्या त्या शिवारात मृगात लावलेली केळीची बाग, मृगबाग, नुकतीच निसवली होती. खोडाखोडाच्या माथ्यातून जांभळी कमळं बाहेर येऊन खाली झुकली होती, कुठे कुठे पहिल्या फण्याही उलगडल्या होत्या. माघ संपत आलेला, बाहेर ऊन चांगलंच जाणवायला लागलेलं, पण आत शिरलं की ऊन उरायचं नाही, नुसता हिरवा उजेड. त्या उजेडात ओळखीची माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसत. कुणी हसलं तरी ते हसू उशिरानं पोचतंय असं वाटे.

जेवणं झाली होती. वरणबट्टी, घोटलेली वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार. गावातल्या बायका ओटी भरून, डिंपलला चिडवून, आपापल्या घरी गेल्या होत्या. मागे उरलं ते घरचंच माणूस. सतरंजीवर जो तो कलंडला होता. आबांनी वेळ बरोबर साधली होती, एवढं तूप पोटात गेल्यावर माणूस भांडायला उठत नाही.

डिंपल फुलांचे दागिने घालून खाटेवर टेकून बसली होती. हिरवी साडी, हिरवा उजेड, आणि पोटातलं बाळ जेवणानंतरची लोळण घेत होतं. तिला अर्धी झोप लागली होती. पायाशी तिची आजी तानुबाई बसून तिचे तळवे चोळत होती. आईवेगळ्या डिंपलला साक्रीकडच्या खेड्यात या आजीनंच वाढवलेलं. सगळे तिला अक्का म्हणत. दोन एसट्या बदलून ती नातीच्या डोहाळजेवणाला आली होती आणि आल्यापासून इथल्या बट्टीला नावं ठेवत होती.

"ऐका रे मंडळी," आबा उभे राहिले.

घरच्याच चार माणसांना ते मंडळी म्हणाले तेव्हाच ज्योत्स्ना सावरून बसली.

"मुंबईकडे एक दवाखाना हाये. तिथी बाळाच्या नाळेतून मूळपेशी काढता. स्टेम सेल म्हनता त्याले. त्या काचेत वाढवता न पाठीच्या कन्यात सुईनं सोडता. मी त्याह्यच्या साहेबाशी बोललो. तो म्हने, रक्ताच्या नात्यातली नाळ असली तं फारच चांगलं." आबांनी खाटेकडे हात केला. "देवानं नाळ घरातच धाडली. बाळाची नाळ आपन आपल्या जितूले लावू."

वाऱ्याची एक झुळूक आली आणि सगळी पानं एकदम सळसळली. डिंपलला वाटलं, आपण झोपेत काहीतरी भलतंच ऐकलं. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. हितेंद्र एका कमळाची पाकळी उचकटून आत काय आहे ते बारकाईनं तपासत होता. कृषी महाविद्यालयात चार वर्षं काढलेल्या माणसाला केळीच्या कमळात काय असतं ते माहीत नसावं! म्हणजे याला आधीच ठाऊक होतं.

"न मंग काय व्हतं?" आबांचे धाकटे भाऊ शालिग्रामनाना उठून बसले. "सुईनं सोडल्यावर?"

"मंग फुटता त्या. जिथी मेलं तिथी नवं येतं." आबांचा आवाज चढला, डोळे चमकायला लागले. "शालिग्राम, तुले त मी सांगाले नको. बाटल्या आठवता का तुले?"

शालिग्रामनानांना बाटल्या न आठवून कसं चालेल! तेव्हा सारा गाव कंद लावायचा. आबांनी जळगावच्या लॅबमधून ऊतीसंवर्धनाची रोपं आणली. एवढा एवढा कोंब, काचेच्या बाटलीत वाढवलेला. नानांनी चावडीवर बसून त्या रोपांची अशी टर उडवली होती की लोक हसून हसून लोळले. "आमच्या भाऊनं औषधाच्या दुकानातून केळी आनली," असं ते म्हणायचे. पुढे आबांची बाग एकदम निसवली, एकदम कापणीला आली आणि घड असे पडले की व्यापारी बांधावर येऊन उभे राहिले. नानांच्या कंदाच्या बागेत त्या साली रोग शिरला. तेव्हापासून लग्नात, मयतात, कुठेही कुणीतरी विचारायचंच, काय नाना, औषधाचं दुकान कुठवर आलं? त्या दिवसानंतर नानांनी भावाला कशातच विरोध केला नव्हता.

"आठवते ना," नाना म्हणाले. "तेव्हा मी हसलो. आता नही हसनार. भाऊ म्हनते तं व्हईन."

"बाटलीतून केळ उभी राह्यली," आबा म्हणाले, "मानूस काहून उभा नही राहनार?"

सुनंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना सकाळपासूनच तो पाण्यातून येताना दिसत होता.

तेवढ्यात तानुबाईंनी तळवे चोळायचं थांबवलं.

"माले एक सांगा, याही," त्या म्हणाल्या. "नाळ काय बजारनी वस्तू शे? बाळंतपन मना घर व्हनार शे. आमनाकडे नाळ मायना दारमा पुरतस, वर दगड ठेवतस. पोर मोठं व्हस, तव्हय त्यानं मन त्या मातीकडे वढ लेस. काचमा ठी दिधी ते पोरनं मन काचमाच राही जाई."

"अक्का, इथी एका मानसाच्या पायाचा प्रश्न हाये."

"मी कोठे नही म्हनस? पन मनी नातले इचारं का कोनी?"

"इचारतोच हाये ना आता!" आबा डिंपलकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की तिला ते पाहवेना. "बेटा, तू सांग याह्यले. तू त त्याच कामातली. सातव्या महिन्यालोक तू लॅबमधी त्याच बाटल्या भरल्या. हे कसं व्हतं ते तूच समजाव."

सगळ्यांचे डोळे तिच्यावर आले. एकट्या जितेंद्रचे नव्हते. खुर्ची मऊ मातीत रुतू नये म्हणून हितेंद्रनं फळ्या टाकून दिल्या होत्या, त्यांच्यावर तो मान मागे टाकून वरच्या पानांकडे बघत होता.

"मला जरा पाणी प्यायचंय," डिंपल म्हणाली आणि उठली.

*

हौदापर्यंत ज्योत्स्ना तिच्यामागे गेली. केळीच्या दोन ओळींमधून चालताना दोघींच्या डोक्यांना पानांच्या कडा लागत होत्या. ज्योत्स्नाला वाटलं, ही वाट संपूच नये. संपली की काहीतरी बोलावं लागेल, आणि आपण काय बोलू याची तिची तिलाच खात्री नव्हती.

डिंपल हौदाच्या कट्ट्यावर बसली. पाय सुजले होते, जोडवी रुतली होती.

"तुला माहीत होतं?" ज्योत्स्नानं विचारलं.

"नाही, ताई. आत्ताच कळलं. तुमच्याबरोबरच."

"मग आता कळलं ना. नाही म्हणू नकोस."

"नाळेला मी नाही म्हणतच नाहीये. पण आबा सांगतात तसं ते होत नाही."

"तुला काय माहीत?"

"मला केळीचं माहीत आहे. आणि जळगावच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही होतात ना तिथे. दादांनी सांगितलं मला."

होती ज्योत्स्ना. खुर्चीमागे उभी होती. बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, मूळपेशींवर अभ्यास चालू आहेत, कदाचित कधीतरी मार्ग निघेल, पण आज हा सिद्ध झालेला उपचार नाही. मंजुरी घेतलेली चाचणी असेल तरच विचार करा. कुणी हमखास बरं करतो म्हणालं तर उठून चालू लागा. सुई कण्यात जाते. फायदा होईलच असं नाही, आणि जे शिल्लक आहे तेही जाऊ शकतं. हे सगळं ज्योत्स्नानं ऐकलं होतं आणि घरी येईपर्यंत मनाच्या पार तळाशी नेऊन ठेवलं होतं, वर चार गोधड्या टाकून.

"मला नाही ऐकायचं ते," ती म्हणाली. "रात्री उठून कुशीवर वळवणं, जखमा होऊ नयेत म्हणून रोज पाठ बघणं, ते मी मरेपर्यंत करीन. त्याचं काही नाही. पण मला एकदा, डिंपल, एकदाच, त्यांनी उठून स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन यावा असं वाटतं. माझ्यासाठी. एवढंच. तुला काय! तुझं मूल चालणारच आहे."

बोलून गेल्यावर तिला आपलीच लाज वाटली. ओटी भरलेल्या बाईला असं कुणी बोलतं का? डिंपलनं दोन्ही हात पोटावर ठेवले. रडली नाही ती. खाली पाण्यात केळीच्या पानांची सावली हलत होती, तिच्याकडे पाहत राहिली.

"म्हणूनच तर माझं तोंड उघडत नाही," ती म्हणाली. "खरं बोलले, तर जन्मभर तुम्हाला वाटेल की हिनं आपली नाळ वाचवली. तुम्हालाच नाही, तुमच्या पुनमलासुद्धा, मोठी झाल्यावर. माझ्या बापाला हिच्यामुळे पाय मिळाले नाहीत, म्हणेल ती. आणि आबांच्या बाजूनं बोलले, तर दादांच्या पाठीत सुई जाईल. माझ्या शब्दावर जाईल. सांगा, काय बोलू मी?"

ज्योत्स्नानं हौदातून तांब्या भरला, खाली बसली आणि जावेच्या सुजलेल्या पायांवर हळूहळू पाणी ओतलं. एक तांब्या संपल्यावर दुसरा भरला.

"काय बोलायचं ते बोल," मग ती म्हणाली. "फक्त त्यांच्यासमोर बोल. माझ्याजवळ नको."

*

जितेंद्रला बागेत नेहमीच गुंगी यायची. खालून पाहिलं की केळीच्या पानाच्या शिरा दिसतात, आणि शिरांमधून उजेड. तो उजेड डोळ्यांत भरला की मागची बोलणी दूर जायची. कुणीतरी पाट फोडून पाणी सोडलंय आणि ते ओळीओळीतून येतंय, असं त्याला वाटत राहायचं.

पहिल्या वर्षी तो प्रत्येक स्वप्नात चालला होता. पळायचासुद्धा. हल्ली तो स्वप्नातही खुर्चीतच असे. फक्त ती खुर्ची कुठे रुतत नसे. तापीच्या वाळवंटातून, भरल्या बागेतून, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत ती आपली आपण जायची, मांडीवर पुनम असायची, आणि स्वप्नात त्याला त्याचं काही वाईट वाटत नसे. जागा झाल्यावर मात्र त्याला चोरी केल्यासारखं व्हायचं. आईला कसं सांगणार? म्हणून तो रोज म्हणायचा, चाललो. एवढं खोटं आईसाठी बोलायला त्याला काही वाटत नव्हतं.

चालायचं नव्हतं असं नाही. कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की फार चालायचं होतं.

बायका परत आल्या. डिंपल खाटेवर बसली नाही, उभीच राहिली.

"आबा, तुम्ही मला समजावायला सांगितलंत. बोलू का?"

"बोल ना, बेटा. म्हनून तं तुले विचारलं."

"नाळ मी देते. हे आधी ऐकून घ्या सगळ्यांनी. दादांच्या कामाला येत असेल तर ती माझ्याकडून आजच दिली. अक्का, तू आता काही बोलू नको."

तानुबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. आबांचा चेहरा उजळला.

"आता एक विचारते," डिंपल म्हणाली. "लॅबमधून रोपं आली, लागवड झाली, की तुम्ही रोज सकाळी ओळीओळीनं फिरता. कशाला फिरता?"

"पाहाले."

"काय पाहायला?"

"बिघडेल रोप पाहाले." आबांना हा प्रश्न भलताच वाटला, पण केळीबद्दल विचारलं की ते सांगायचेच. "एखांद्याचं पान भलतंच निघतं. एखांदं बुटकं राह्यतं, त्याले घडच धरत नही. बाटलीत वाढेल असतं ना, होतं तसं. सगळे थोडीच बिघडता?"

"बिघडलेल्याचं काय करता?"

"उपटतो न बांधावर फेकतो. काय करनार दुसरं?"

"दादांच्या पाठीत ओळीनं कोण फिरणार, आबा?"

आबांनी शेजारच्या खोडावर हात टेकला.

"केळीचं झाड कुठूनही फुटतं. त्याला ते येतं, म्हणून तर आपली बाग उभी राहिली. माणसाचं तसं नाही. त्या पेशी आत सोडल्यावर काय होतील, कुठे वाढतील, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. गाठसुद्धा होऊ शकते. आणि झाली तर तिथे हात घालून उपटता येत नाही." तिचा श्वास लागला होता. "मी रोज त्या बाटल्या हाताळल्यात. रोज सकाळी आधी बिघडलेल्या बाटल्याच बाजूला काढायचो आम्ही. म्हणून मला भीती वाटते."

हिरव्या उजेडात आबांचा चेहरा काळवंडत गेला. विश्वास टाकलेल्या माणसानं पाठ फिरवली की राग येतो तसा त्यांना आला.

"गोल गोल कशाले फिरवते?" ते ओरडले. "नाळ द्यायची नही तं सरळ सांग! तुह्या आजीनं भरवलं ना डोक्यात?"

"आबा!"

हे हितेंद्र बोलला नव्हता. तो बोलायला हवा होता, पण तो अजून हातातल्या पाकळीच्या चिंध्या करत होता. बोलली ज्योत्स्ना.

"ती देते म्हणाली. मी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. तिच्यावर नका टाकू. डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं होतं आम्हाला. मीच घरात बोलले नाही. मला आशा सोडवत नव्हती."

शालिग्रामनाना खाली मान घालून मातीत काडीनं रेघा ओढत होते. "उपटतो मी पन," ते हळूच म्हणाले. "दर साली उपटा लागता. भाऊ, पोरगी खोटं नही बोलू राह्यली." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते भावाच्या विरुद्ध बोलले होते, आणि बोलून झाल्यावर घाबरून इकडेतिकडे बघायला लागले.

"न मंग माह्यं सपन?" सुनंदाबाईंनी विचारलं. त्यांनी ते कुणालाच विचारलं नव्हतं.

"आई," जितेंद्र म्हणाला.

तो इतका वेळ गप्प होता की सगळ्यांनाच दचकायला झालं.

"मले चालायचं हाये. कोनाले वाटत असंन की याले सवय झाली, तं नही झाली. उद्या कुठी मंजुरीची चाचनी निघाली, डॉक्टरीणबाईंनी जा म्हनलं, तं सगळ्याच्या आधी मी जाईन. मले कोनी ढकलत न्यायचीही गरज नही." तो थोडा हसला. मग हसू गेलं. "पन ही सुई नको. मले भेव वाटतं."

"कशाचं भेव, रे?" आबा म्हणाले. "जायाले उरलं काय हाये तुह्याजवळ?"

फार वाईट वाक्य होतं ते, आणि तोंडातून गेल्याबरोबर आबांनाही ते कळलं. पण जितेंद्रला त्याचा राग आला नाही.

"उरलं हाये," तो म्हणाला. "दिवाळीच्या सुमाराले एकदा पुनम अभ्यास करता करता माह्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मले भार लागला. पहिले वाटलं, भास हाये. मंग रोज पाह्यलं. डाव्या मांडीवर एवढी जागा हाये, तळहाताएवढी. तिथी मले समजतं. वजन समजतं, ऊन समजतं. तिचे केस ओले असले तं तेही समजतं. बाकी काही हालत नही. पन पोरगी मांडीवर झोपली हे समजतं मले, आबा. सुईनं तेवढंही गेलं तं मी काय करू?"

ज्योत्स्ना उभी होती ती मटकन खाली बसली. "मला नाही सांगितलंत," ती म्हणाली. "रोज हातानं पुसते मी. मला नाही सांगितलंत."

"सांगनार व्हतो. पन तू लगेच आशेला लागली असती. रोज विचारलं असतं, वाढलं का, पुढे सरकलं का. मले थोडे दिवस ते निस्तं राहू द्यायचं व्हतं. माह्याजवळ."

ज्योत्स्नानं तोंडात पदर कोंबला आणि ती रडायला लागली. ते रडणं दुःखाचं की सुखाचं, तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डिंपल अवघडत खाली वाकली आणि तिच्या शेजारी मातीतच बसली. तानुबाईंनी दोघींच्या पाठीवर एक एक हात ठेवला. "रडी ल्या, माय," त्या म्हणाल्या. "नाळनं मांगेन पाहसूत."

हितेंद्रनं पाकळी फेकून दिली. "चुकलं माझं," तो बायकोला म्हणाला. डिंपलनं त्याच्याकडे पाहिलं नाही, पण हलून त्याला शेजारी बसायला जागा दिली.

आबा मात्र उभेच होते. वारा पडला होता, एक पान हलत नव्हतं. त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा मुलाचे पाय नीट दिसले. बारीक झालेले, फळीवर सरळ ठेवलेले, पायजम्यात हरवलेले. दवाखाने त्यांनी पालथे घातले होते, गाड्या केल्या तेवढ्या थोड्या होत्या, साहेबांच्या पाया पडले होते. त्या पायांना हात मात्र एकदाही लावला नव्हता. लावला की ते खरं होईल, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

ते चालत खुर्चीपाशी गेले आणि फळीवर गुडघे टेकून बसले.

"कुठी?" त्यांनी विचारलं.

"डाव्या बाजूले. वरतून."

आबांनी हात ठेवला. "इथी?"

"नही. थोडा आत."

हात सरकला. तो हात आयुष्यभर खोडं दाबून, घड चाचपून घट्ट झाला होता.

"इथी?"

जितेंद्रनं डोळे मिटले. सगळी बाग थांबली होती, आणि खाली बसलेल्या बायकांचं रडणंही.

"हं," तो म्हणाला. "लागला."

"काय लागलं?"

"तुमचा हात. जड हाये, आबा."

आबांनी घाईघाईनं हात उचलून घेतला.

"काढू नका ना," जितेंद्र म्हणाला.

आबांनी हात परत तिथेच ठेवला, आणि या वेळी सगळा भार टाकून ठेवला.